उघडल्याशिवाय कळत नाही

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी एक वही असते. लांबट, कोपरे दुमडलेली, मुखपृष्ठावर ऑइलने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. पहिली पानं पेट्रोलच्या हिशेबाची. अधूनमधून टायर, बॅटरी, वायपरचं रबर. मग कुठल्याशा पानावर पहिल्यांदा दिसतं, "ऑइल अर्धा लिटर टाकलं." त्यानंतर तीन पानं काही नाही. मग पुन्हा अर्धा लिटर. या नोंदी हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकत जातात आणि शेवटच्या पानांवर तर दुसरं काही नाहीच. एका रविवारी सगळी वही सलग वाचली आणि मागच्या पानावर भागाकार केले. आधी १,६०० किलोमीटरला एक लिटर. मग ९०० ला. आता ५५० ला.

कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जाणं चालण्यासारखं आहे असं छापलेलं असतं. त्या एका वाक्यानं मला दोन वर्षं सांभाळून घेतलं. कुणी विचारलं की मी मॅन्युअलचा दाखला द्यायचे. ५५० ला मात्र दाखला सापडेना.

आणि धूर. धुराचंही एक वाचन असतं, ते मला या गाडीनं शिकवलं. इंजिन चांगलं तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण निळ्यातही तो केव्हा येतो ते बघायचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर भपकन एक लोट येऊन थांबला, किंवा लांब उतार पाय काढून उतरल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना आला, तर दोष बहुधा वॉल्व्हच्या सीलचा. चढावर, गाडी भरलेली असताना, पाय दाबून धरला की मागे शेपटासारखा लागून राहिला तर रिंगा गेल्या, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवणाऱ्या धातूच्या कड्या. सील म्हणजे बोटाच्या पेरावर मावणारे रबराचे तुकडे. इंजिन न उतरवता बदलता येतात. रिंगांसाठी सगळं उघडावं लागतं. म्हणून मी धूर फक्त सकाळी बघायचे. चढावर आरशात पाहायचं नाही, हे कधी ठरवलं नाही, पण ठरून गेलं होतं.

"ताई, मागच्या गाड्या तुमच्यापासून जरा लांबच राहतात, लक्षात आलंय का?" मिस्त्रींनी एकदा शेजारी बसून फेरी मारल्यावर विचारलं.

त्यांनी कॉम्प्रेशन घ्यायचं ठरवलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते मोजायचं. इंजिन तापवून बंद केलं, चारही प्लग काढले, इग्निशन आणि इंजेक्टरच्या पिना सोडवल्या, पहिल्या भोकात गेज पिळून बसवला आणि मला म्हणाले, "पाय पूर्ण दाबा आणि स्टार्टर मारा, मी थांबा म्हणेपर्यंत." प्लग काढलेलं इंजिन स्टार्टरवर फिरतं तेव्हा नेहमीचं कण्हणं नसतं. फुस्स, फुस्स, फुस्स असा हलका, बिनओझ्याचा आवाज येतो. गाडी आपली नव्हेच असं वाटतं. पहिला सिलिंडर १६५ पाउंड. दुसरा १६०. तिसरा १०५. चौथा १५५.

तिसरा त्यांनी पुन्हा मोजला. मग चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडलं आणि परत स्टार्टर मारायला सांगितलं. १४०.

ते ऑइल पिस्टनच्या कडेनं पसरतं आणि रिंगांची फट घटकाभर बुजवतं. काटा चढला म्हणजे हवा तिथूनच पळत होती. वॉल्व्ह गळत असता तर चमचाभर ऑइलनं काही बिघडलं नसतं आणि काही सुधारलंही नसतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असते तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण असलेलं हेड यांच्या मधल्या पट्टीवर गेला असता. इथे संशयाला जागाच नव्हती. "रिंगा," मिस्त्री म्हणाले आणि गेज पुसून पेटीत ठेवला. दोन वर्षं मी सीलच्या भरवशावर काढली होती, तो भरवसा एका चमच्यात बुडाला.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड होणार बघ." त्याचं चुकत नव्हतं. जुन्या गाडीच्या इंजिनाचं काम काढलं की खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो, कधी पुढेही. पण या हिशेबात एक गोष्ट मला नेहमी खटकते. ही गाडी विकून हातात येतील ते पैसे वेगळे, आणि इतकीच खात्रीची दुसरी गाडी घ्यायला लागतील ते वेगळे. लोक इंजिनाचा खर्च पहिल्या आकड्याला लावून बघतात आणि हबकतात. मी तो दुसऱ्याला लावून बघते. माझ्या गाडीचा पत्रा शाबूत आहे, खालून गंज नाही, गिअरबॉक्स तक्रार करत नाही. चासीला गंज धरला असता तर मी हा विषयच काढला नसता. गंज रात्रंदिवस वाढत असतो. इंजिन निदान उतरवून टेबलावर ठेवता येतं.

"आणि काहीच नाही केलं तर?" त्यानं विचारलं.

हा पर्याय कुणी पर्याय म्हणून मोजत नाही, पण सगळ्यात जास्त लोक तोच निवडतात. ऑइल ओतत राहायचं. मीही तेच करत होते. पण जळलेलं ऑइल नुसता धूर होऊन जात नाही. प्लगवर त्याची राख साचते, आणि ऑइलमधला फॉस्फरस एक्झॉस्टमधल्या, धूर कमी विषारी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला थोडा थोडा निकामी करत जातो. शिवाय मागून येणाऱ्याच्या नाकातोंडात तो धूर जातो. एका चढावर मी चुकून आरशात पाहिलंच, तेव्हा मागच्या स्कूटरवाल्यानं रुमाल नाकाला लावलेला होता. त्याच्याकडे बघून मॅन्युअलचा दाखला देता आला नसता.

त्या रात्री झोप येईना म्हणून पुन्हा वही काढली आणि एक रिकामटेकडं गणित मांडलं. गाडी दोन लाख किलोमीटर झाली आहे. टॉप गिअरमध्ये ताशी ६० च्या वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला २,५०० च्या आसपास, म्हणजे किलोमीटरला २,५००. खालच्या गिअरमध्ये जास्तच, ते सोडून दिले तरी एकूण ५० कोटी फेरे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची खेप, ७२ मिलिमीटर. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो, १४४ मिलिमीटर. गुणाकार केला आणि शून्यं पुन्हा मोजली. ७२ हजार किलोमीटर. मुठीएवढा पिस्टन, त्या भोकातल्या भोकात, पृथ्वीला पावणेदोन प्रदक्षिणा घालण्याइतका चालला होता.

आणि शंभर कोटी वेळा थांबला होता, कारण प्रत्येक फेऱ्यात तो दोन टोकांना दोनदा थांबतो. झीज या थांबण्यापाशी होते. पिस्टन पळत असतो तोवर रिंग आणि सिलिंडर यांच्यात ऑइलचा पापुद्रा टिकून असतो. वरच्या टोकाला तो क्षणभर थबकतो. जळत्या वायूचा दाब आणि उष्णता नेमकी तिथेच सर्वांत जास्त, आणि पापुद्रा तुटतो. त्यामुळे सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वर जास्त, खाली कमी, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला आणखी थोडा. नळी होती, तिचं लंबगोल तोंडाचं नरसाळं होतं. अर्थात डोळ्याला दिसणारं नव्हे. साधारण ०.१ मिलिमीटर झीज झाली की बऱ्याच इंजिनांची मर्यादा संपत आलेली असते. माणसाचा केसही जवळपास तेवढाच जाड. केसाएवढ्या फटीतून ५५० किलोमीटरला लिटरभर ऑइल जात होतं.

आता प्रश्न उरला तो, हेच इंजिन बांधायचं की दुसरं बसवायचं.

नवं कोरं मिळण्याचा संबंध नव्हता. माझ्या मॉडेलचं इंजिन बनणं कधीच बंद झालंय. हाफ इंजिन मिळतं का ते पाहिलं, म्हणजे सिलिंडर असलेला ब्लॉक, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक आणि पिस्टन जोडलेला खालचा भाग, वर आपलंच हेड चढवायचं. तेही नव्हतं. काही कंपन्या जुनं इंजिन परत घेऊन कारखान्यात बांधलेलं दुसरं देतात. ही पद्धत जुनी आहे. फोक्सवागेनचा जर्मनीतला कासेलजवळचा कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला तोच जुनी इंजिनं आणि गिअरबॉक्स नव्यानं बांधून देण्याच्या कामानं. मिळत असेल तर मी म्हणेन डोळे मिटून घ्यावं, कारण ते काम तिथे रोज होतं आणि त्याची हमी मिळते. पण मिळायला हवं ना. राहिलं अपघातात गेलेल्या एखाद्या गाडीचं वापरलेलं इंजिन.

मिस्त्रींचा कल तिकडेच होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दोन दिवसांत गाडी दारात. बांधायला घेतलं तर तीन आठवडे, आणि त्यात दहा जणांचे हात लागणार. एक बघायला आम्ही दोघं गेलो. जुन्या टायरवर ठेवलेलं, धुऊन लख्ख केलेलं, वरून चंदेरी रंगाचा हातही मारलेला. "साठ हजारच चाललंय," विकणारा म्हणाला. मिस्त्रींनी काही न बोलता ऑइल भरायचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. काळा, डिंकासारखा चिकट थर. ऑइल वेळेवर न बदलता वर्षानुवर्षं गाडी चालवली की झाकणाखाली तो धरतो.

"साठ हजारात एवढं होतं?" मी विचारलं.

"ऑइल एकदाही बदललं नसेल तर होतं."

म्हणजे साठ हजार हे खोटं असेल तर वाईट, आणि खरं असेल तर त्याहून वाईट. मिस्त्रींनी एक शेवटचा उपाय सुचवला. जमिनीवरच्या इंजिनातही सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ती कुठून पळते ते ऐकता येतं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, एक्झॉस्टच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, हवा आत घेण्याच्या बाजूनं आली तर इनटेक वॉल्व्ह. विकणाऱ्यानं त्याला नकार दिला. आम्ही चहा न घेताच परत आलो.

वापरलेल्या इंजिनांवर माझा राग नाही. ते अजून त्याच्या गाडीतच असेल, थंड असताना सुरू होताना आपल्या कानांनी ऐकता आलं, कॉम्प्रेशन घेता आलं, तर पुष्कळदा तोच शहाणपणाचा मार्ग असतो. माझ्या भावानं तसं बसवून घेतलंय आणि तो सुखी आहे. ब्लॉक बदलला की त्यावर कोरलेला इंजिन नंबर बदलतो आणि मग कागदपत्रांत तो बदलून घेण्याची यातायात, तेवढी सोडली तर. पण टायरवर ठेवलेलं रंगवलेलं इंजिन म्हणजे दुसऱ्याच्या सवयी न बघता पदरात घेणं. माझ्या इंजिनात जे काही वाईट आहे ते निदान मी केलेलं आहे, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्या वेळी हे वाक्य मला फार पटलं होतं.

बांधण्याची भीती वेगळी. ओळखीतल्या एकांनी असंच इंजिन बांधून घेतलं होतं, पार्ट सगळे अस्सल, बिलं जपून ठेवलेली. आठशे किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला आणि खालून ठकठक ऐकू आली. बेअरिंग गेले. उघडल्यावर कळलं, बोअरिंगनंतर, म्हणजे सिलिंडर मोठे कोरून घेतल्यावर, ब्लॉक नीट धुतलाच नव्हता. कोरल्यावर सिलिंडरची भिंत ज्यानं घासतात त्या होनिंगच्या दगडाची भुकटी ऑइलच्या वाटांमध्ये राहिली आणि नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसली. पार्ट अस्सल असून काय झालं, हात धुतले नाहीत एवढ्यावरून सगळं वाया. तेव्हा मला कळलं की इंजिन बांधणं हा सत्तर टक्के स्वच्छतेचा मामला आहे. हा आकडा माझा, कुठल्या पुस्तकातला नाही.

आणि खरा पेच याच्याही अलीकडे होता. इंजिन बांधण्याजोगं आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, किती झिजलाय, क्रँकला चरे आहेत का, हेड वाकलंय का, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पण उघडलं की अर्धा निर्णय झालेला असतो. सुटं केलेलं इंजिन भंगाराच्या भावानंही कुणी नीट घेत नाही. म्हणजे माहिती मिळवायची किंमत ही की मागे फिरायची वाट बंद. बाकीच्या आयुष्यात मी असे निर्णय टाळत आले आहे, हे मला त्या आठवड्यात जाणवलं आणि फारसं आवडलं नाही.

नवऱ्याला मी आयर्व्ह गॉर्डनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला हा विज्ञानाचा शिक्षक. १९६६ मध्ये घेतलेली व्होल्वो पी १८०० त्यानं २०१३ पर्यंत ३० लाख मैल चालवली, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. इंजिन मधल्या काळात बांधावं लागलं, पण गाडी तीच.

"त्याला दुसरं काही काम नसेल," नवरा म्हणाला. मग थोड्या वेळानं, "उघडून बघ. मोजल्यावर ठरवू."

इंजिन उतरवताना मी हजर होते. गिअरबॉक्सचे बोल्ट सुटले, माउंटिंग सुटली, चेनकप्पीची साखळी खडखडत ताणली गेली आणि इंजिन एका कुशीवर कललं. मग ते वर येत गेलं तसतशी एक गोष्ट दिसली जी मला आधी कधी सुचलीही नसती: गाडीचं नाक वर आलं. पुढच्या स्प्रिंगांवरचं एवढं ओझं गेल्यावर त्या मोकळ्या झाल्या. पुढची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावल्यासारखी दिसायला लागली. मागून पाहिलं तर गाडी चढावर उभी असल्यासारखी. सपाट फरशीवर.

हेड काढल्यावर मिस्त्रींनी पिस्टन खाली केले आणि म्हणाले, "नख घाला." मी पहिल्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तर्जनीचं नख टेकवून वर सरकवलं. वरच्या काठाच्या जरा खाली ते अडकलं. बारीक पायरी होती तिथे. तिच्यावरची पट्टी रिंगेनं कधी शिवलेली नव्हती, ती कारखान्यातून आली तशीच होती. खालचं सगळं झिजून आत गेलं होतं. गणितातलं नरसाळं नखाला लागलं. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात पायरी होतीच, शिवाय भिंतीवर उभे ओरखडे. एका बाजूला चारपाच, वरपासून खालपर्यंत, मांजरानं पडदा ओढावा तसे.

"गरम झाली होती कधी?" मिस्त्रींनी विचारलं.

झाली होती. बारा वर्षांपूर्वी रेडिएटरचा वरचा पाइप फुटला होता, तापमानाचा काटा लाल पट्टीत गेलेला मी पाहिला, आणि उशीर झाला होता म्हणून "पोचूच आता" असं म्हणत पाचसहा किलोमीटर तशीच दामटली. गाडी पोचली. दुसऱ्या दिवशी पाइप बदलला, पाणी भरलं, गाडी पुन्हा व्यवस्थित चालू लागली आणि मी ते विसरून गेले. जास्त तापलेला पिस्टन फुगतो, ऑइलचा पापुद्रा उरत नाही आणि धातूवर धातू घासतो. वहीत त्या आठवड्यात नवीन पाइपची नोंद आहे. काटा लाल पट्टीत होता याची नाही. गाडीचा सगळा इतिहास माझ्याकडे लिहिलेला आहे, असं मी जे सांगत सुटले होते, त्यातलं एक पान सिलिंडरच्या भिंतीवर होतं.

मिस्त्रींना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "हेड पण बघावं लागेल मग." पोलादी पट्टी हेडवर आडवी, तिरपी ठेवून खालून फीलर गेज सरकवला. मधोमध ०.०८ मिलिमीटरची पाती आत गेली. वाकलं होतं. फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर तासून, सरळ होण्याजोगं.

बोअरिंगचं मशीन चालवणाऱ्या काकांकडे ब्लॉक गेला. त्यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, चष्मा दोरीनं गळ्यात. डायल लावलेला बोअर गेज त्यांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये सोडला आणि हलकेच पुढेमागे झुलवत राहिले. काटा जिथून परत फिरतो ते खरं माप. वर, मध्ये, खाली. मग नव्वद अंशात वळवून पुन्हा तेच. प्रत्येक माप ते खडूनं ब्लॉकवरच लिहीत होते. सगळ्यात वाईट आकडा ०.१४.

"पंचवीसमध्ये निघेल?" मिस्त्रींनी विचारलं. म्हणजे ०.२५ मिलिमीटर मोठे पिस्टन.

काकांनी ओरखड्यावर नख फिरवलं. "झीज एका अंगाला आहे. मी भोक मूळ मध्यावरूनच पाडणार. एखादा चरा उरला तर सगळं परत. पन्नास घ्या." आणि मग माझ्याकडे वळून, "पिस्टन आधी आणून द्या, बाई. पिस्टन हातात मोजल्याशिवाय मी मशीन लावत नाही."

मला हे फार आवडलं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या तीनचार शतांशांची असते. पुस्तकातल्या मापावर भोक पाडायचं आणि पिस्टन त्यात बसेल अशी आशा धरायची, हे त्यांना मान्य नव्हतं. शिवाय त्यातच माझ्या प्रश्नाचं उत्तरही होतं. ०.५० चे पिस्टन बाजारात मिळाले तर बांधायचं. नाही मिळाले तर ब्लॉक कितीही चांगला असो, विषय संपला. जुन्या गाड्यांचं नशीब पुष्कळदा असं कुठल्यातरी गोदामातल्या एका खोक्यावर ठरतं. नऊ दिवसांनी चारांचा एक संच मिळाला. क्रँक काकांनी आधीच मोजला होता. तो मर्यादेत होता, नुसतं पॉलिश पुरणार होतं, बेअरिंग मूळ मापाचेच.

काका जुन्या लोखंडाचे भक्त निघाले. ओतीव ब्लॉक हजारो वेळा तापून निवला की त्याच्यातले ओतकामातले ताण निवतात, म्हणून जुना ब्लॉक बोअर केल्यावर माप धरून राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की १९८३ मध्ये नेल्सन पिके ज्या ब्रॅबहॅमवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, तिचं बीएमडब्ल्यू टर्बो इंजिन रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या ओतीव लोखंडी ब्लॉकवरच उभं केलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय तर," म्हणाले. ॲल्युमिनियमचे, आत लोखंडी लायनर नसलेले ब्लॉक त्यांना आवडत नाहीत. त्यांच्या भिंतीवर निकासिलसारखा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो, तो साध्या बोअरिंगनं हलवता येत नाही. माझी गाडी तशी असती तर हा लेख फार लवकर संपला असता.

मधल्या काळात यादी वाढत गेली. उघडलंच आहे तर क्लच प्लेट बघा. क्लच काढलाच आहे तर क्रँकचं मागचं सील. टायमिंग चेन. वॉटर पंप. इंजिन माउंटिंग. रेडिएटरचे पाइप, आणि यावर मी काही बोलले नाही. "उघडलंच आहे तर" ही तीन शब्दांची मागणी फार गोड असते, कारण प्रत्येक वेळी ती खरी असते. मी कार्पेटपाशी थांबले.

ब्लॉक परत आला तेव्हा सिलिंडरच्या भिंतींवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी होती, विणलेल्या खुर्चीच्या बैठकीसारखी. होनिंगच्या या रेघा मुद्दाम ठेवतात; ऑइल त्यांच्यात धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली जागा करतात. मिस्त्रींना मी ओळखीतल्यांच्या बेअरिंगची गोष्ट दहाव्यांदा सांगितली असावी, कारण त्यांनी बादली माझ्याच हातात दिली. "धुवा तुम्हीच."

मला वाटलं होतं रॉकेलनं धुतात. रॉकेलनं ग्रीस निघतं, पण रेघांमध्ये अडकलेली भुकटी तशीच राहते. तिला गरम पाणी आणि साबण लागतो. मी बाह्या वर केल्या. लांब दांड्याचा ब्रश प्रत्येक सिलिंडरमध्ये, बारीक ब्रश ऑइलच्या प्रत्येक वाटेत, मग पाणी, मग हवा, मग लगेच ऑइलचा हात, कारण उघड्या लोखंडाला गंज धरायला पाच मिनिटं पुरतात. शेवटी पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून भिंत पुसायची. करडं झालं. पुन्हा साबण. पुन्हा फडकं, करडं, जरा कमी. चौथ्या वेळी ते पांढरं बाहेर आलं. तिसऱ्या सिलिंडरला पाच वेळा लागले. ओरखडे कुठे होते ते शोधायला मी नख फिरवून पाहिलं. सापडले नाहीत. त्या रात्री वहीत बारा वर्षांपूर्वीच्या पाइपच्या नोंदीशेजारी समासात लिहिलं, "काटा लाल. तरी चालवली. अंदाजे ६ किमी."

जोडताना मिस्त्री बोलत नाहीत. प्रत्येक रिंग आधी सिलिंडरमध्ये सोडून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली, मगच पिस्टनवर चढवली. बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट टॉर्क रेंचनं, रेंच कट्ट म्हणेपर्यंत. सगळं झाल्यावर हात पुसत मला सूचना दिल्या. उगीच उभी करून तासभर आयडलला ठेवायची नाही. एका वेगात लांब पळवायची नाही. पाय द्यायचा, सोडायचा. रिंगांच्या मागे दाब भरला की त्या भिंतीला भिडतात, नुसत्या फिरवून भिडत नाहीत. पहिलं ऑइल लवकर बदलायचं. आणि काट्याकडे लक्ष.

"लक्ष आहे," मी म्हणाले.

इंजिन बसवायच्या दिवशी नवराही आला होता. एक हात खिशात, दुसऱ्या हातानं गाडीच्या वर आलेल्या नाकावर उगीच टेकून उभा. चेनकप्पी हळूहळू सुटत गेली. इंजिन डावीकडे जरा अडलं, मिस्त्रींनी पहार लावून बोटभर सरकवलं, माउंटिंगचा पहिला बोल्ट शिरला, मग दुसरा. साखळी सैल पडली, आणि त्याच्या हाताखाली गाडी खाली गेली. सावकाश, पाण्यात म्हैस बसते तशी. त्यानं दचकून हात काढला.

मिस्त्रींनी वाकून टायर आणि मडगार्डच्या मधे आडवी बोटं घालून पाहिली. चार मावली.

"बसली," म्हणाले.